दुकान एवढ्यात नको
भाच्याने आयटीआयचा १ वर्षाचा प्लंबर ट्रेड केलाय, त्याला लगेच प्लंबिंगचं दुकान टाकून देऊ का, असं एकाने विचारलंय. माझ्या मते एवढ्यात नको. आधी ठेकेदाराच्या हाताखाली एखादी नवी इमारत पूर्ण होऊ दे. भिंतीत झिरी (खाच) मारून सीपीव्हीसी (गरम-थंड पाण्याचे प्लास्टिकचे पाइप) टाकणं, प्लास्टरआधी प्रेशर टेस्ट घेणं (दाब देऊन पाइप गळतो का ते बघणं), ड्रेनेजच्या आडव्या पाइपला बेताचा उतार देणं, हे तिथेच हातात बसतं. ओडिशाच्या केंद्रपाड्याकडची प्लंबर पोरं आपल्या गावच्या जुन्या प्लंबरांच्या हाताखाली अशीच तयार होतात, म्हणून त्यांना मागणी. गळतीची फुटकळ कामं वॉचमन आणि हार्डवेअरवाल्यांकडून येतात, तिथे ओळख हवीच. महापालिकेचं लायसन्स नंतर बघता येईल. आणि हो, काम झाल्यावर फरशी पुसून निघायचं. लोक त्यावरच नंबर सेव्ह करतात!