टीव्ही सोडत नाही, मराठी वाचत नाही. काय करू?

इंदिरानगरची आई
नमस्कार. मुलगा तिसरीत, इंग्लिश मीडियम. मराठी बोलतो मस्त, बाराखडी येते, पण जोडाक्षर आलं की अडतो मग पुस्तक बाजूला आणि रिमोट हातात. आठवडाभर टीव्ही बंद ठेवून बघितला, नुसती रडारड झाली, वाचन काही वाढलं नाही. टीव्हीचाच वाचनासाठी उपयोग कोणी करून घेतलाय का?

सिडकोकर बाबा
ताई, आम्ही घेतलाय. सबटायटल लावा, पण जे कानावर पडतंय तेच खाली लिहिलेलं पाहिजे, हिंदी कार्टूनखाली इंग्लिश ओळी असतील तर त्याने मराठी सुधारणार नाही. आयआयएम अहमदाबादचे ब्रिज कोठारी १९९६ पासून यावरच काम करतायत. चित्रहार, रंगोलीत हिंदी गाण्याखाली हिंदीच शब्द यायचे आणि जो शब्द गातायत त्याचा रंग बदलायचा, आठवतंय का? डोळे आपोआप तिकडे जातात, 'वाच' म्हणावं लागत नाही. आणि गाणीच का, तर ती पुन्हा पुन्हा लागतात, शब्द तोंडपाठ असतात, त्यामुळे अडलेलं जोडाक्षर कानाने सुटतं. मराठी चॅनलवर असं फारसं मिळत नाही म्हणून आम्ही यूट्यूबवरची शब्द दिसणारी बालगीतं टीव्हीवर लावतो, रोज तीच तीन-चार. महिन्याभराने लेक रविवार कारंजावरच्या दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायला लागली, मला इतका आनंद झाला की बाईक बाजूला लावून ऐकत उभा राहिलो!

पंचवटीची आजी
मी प्राथमिकला शिकवायचे. बाबांचं पटलं, पण त्याने फक्त वेग येतो, गोडी गोष्टीनेच लागते. माझा नातू सहावीत असताना आम्ही फास्टर फेणेचा २०१७ चा सिनेमा बघितला, त्यात फेणे मोठा झालाय, मग मी म्हटलं हा शाळेत असताना काय उद्योग करायचा ते भा. रा. भागवतांनी लिहिलंय. दुसऱ्या दिवशी पुस्तक मागायला स्वतः आला. तुमच्या तिसरीतल्याला तो सिनेमा जड जाईल गं, त्याला किशोरचे अंक दे. बालभारती १९७१ पासून काढतेय, जुने अंक त्यांच्या साईटवर फुकट आहेत. आणि सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात ने, १८४० चं वाचनालय आपल्या गावात आहे, पुस्तक मात्र त्यालाच निवडू दे, तू मध्ये बोलू नकोस.

नाशिकरोडचा मामा
एकच सांगतो, टीव्ही लावून स्वयंपाकघरात जाऊ नका. शेजारी बसा, तुम्हीही ओळी बघून गा. भाच्याला एकट्याला बसवलं तेव्हा तो फक्त चित्रं बघायचा.

इंदिरानगरची आई
खूप आभार सगळ्यांचे. काल दोन गाणी लावली आणि त्याच्याबरोबर गायले, एका ठिकाणी 'आई, तू चुकलीस, तिथे ष्ट आहे' म्हणाला!! शनिवारी सावानात नेते. आजी, किशोर टीव्हीवरच मोठा करून वाचला तर चालेल का?

पंचवटीची आजी
चालेल की. कोड्यांच्या पानाची मात्र प्रिंट काढून दे, मुलांना त्यावर पेन्सिल चालवायची असते.