'समतोल आपोआप' म्हणे! धर्माचा तास आणि बोर्डाचा तास एकाच ॲपमध्ये

सदरचा_बाबू
काल आपल्या गटात एका विक्रेत्याची पोस्ट फिरत होती: मदरसा असो, मिशनची शाळा असो की वेदपाठशाळा, धर्मशिक्षण आणि शासनाचा अभ्यासक्रम एकाच वेळापत्रकात, एकाच प्रगतिपुस्तकात, "समतोल आपोआप". खाली अंगठ्यांचा पाऊस. त्या 'आपोआप'नेच माझं डोकं सणकलं.

मी एका ख्रिस्ती अल्पसंख्याक संस्थेच्या अनुदानित शाळेत कार्यालय सांभाळतो. असंच एक पॅकेज आमच्या गळ्यात पडलं आहे. प्रवेशाचं पान उघडलं की "धार्मिक शिक्षणास पालकांची संमती" या चौकोनात टिकमार्क आधीच हजर. पोराचं नाव टाकायचं आहे अजून, आणि बापाची संमती झाली! घटनेचं कलम २८(३) काय सांगतं? मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. वरून कॅटेकिझमचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा, तास 'मूल्यशिक्षण' नावाने अभ्यासक्रमाच्या तासांत जमा. सहावी ते आठवीला वर्षाचे १००० तास भरायचे, ते असे भरतात होय?

कामठीचा_मुदर्रिस
बाबूसाहेब, १००० तास शिक्षण हक्क कायद्यातले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालानंतर तो कायदा अल्पसंख्याक शाळांना लागूच नाही. कार्यालयात बसून एवढं तर ठाऊक पाहिजे.

आता आमचं ऐका. हिफ्जच्या, म्हणजे कुराण पाठ करणाऱ्या, पोराचं रोज तीन ठिकाणी लक्ष ठेवावं लागतं: सबक म्हणजे आजचा नवा धडा, सबकी म्हणजे नुकतंच झालेलं, आणि मंज़िल, जुनी उजळणी. हे सगळं उस्तादांच्या वहीत. उस्ताद गावी गेले की वहीपण गेली. ॲप आलं आणि पहिल्यांदा दिसलं, की फजरच्या, म्हणजे पहाटेच्या, नमाजनंतर गणिताचा क्लास ठेवला त्या दिवशी मंज़िल कच्ची राहते. क्लास असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजनंतर नेला. पोरगा एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेतून, दहावीला बसून राहिला. रमजान दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, सुट्टी शुक्रवारची. हे कोणत्या सरकारी पोर्टलला कळतं?

महालचा_वेदाध्यायी
पाठशाळेत रविवार पाळत नाहीत. प्रतिपदा, अष्टमीला अनध्याय, त्या दिवशी संथा म्हणजे पाठ नाही. ॲपने आमच्या मुलांना महिनाभर 'अनियमित' ठरवलं. बरं, घनपाठाला, म्हणजे शब्द उलटसुलट जोडून म्हणायच्या वेदपाठाला, टक्के कसे देणार? एक स्वर चुकला तर ९८ टक्के? तो चुकलाच. उज्जैनच्या सांदीपनी प्रतिष्ठानची वेदभूषण परीक्षा दहावीला समकक्ष धरतात, तिथे गणित-इंग्रजीचे गुण लागतात हे मान्य. ते वेगळ्या कागदावर द्या ना.

रामबागकर
धर्म घरी शिकवा, विहारात शिकवा, मशिदीत शिकवा. पगार आमच्या करातून आणि तास देवाचा, हे काहून चालवून घ्यायचं?

कामठीचा_मुदर्रिस
आमचा पगार तुमच्या करातून येत नाही. आमचा मदरसा चंद्यावर चालतो. उगाच अंगावर येऊ नका.

रामबागकर
मी अनुदानितवाल्यांना बोललो. तुम्हाला झोंबलं तर मी काय करू?

झेडपीच्या_बाई
सॉफ्टवेअरचाच विषय आहे तर माझंही ऐका. देवाचं राहू द्या, आम्हाला आधारचा देव पावत नाही. शाळेच्या दाखल्यावर 'मोहम्मद', आधारवर 'मो.'. जुळत नाही म्हणून मुलगा अवैध. अवैध मुलगा संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, धरत नाहीत. पोरगा समोर बाकावर बसून पाढे म्हणतोय आणि कागदावर तो नाहीच! अशी चार-दोन पोरं गळाली की शिक्षक अतिरिक्त. माझी मैत्रीण अशीच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला गेली.

वर्धा_रोड_पालक
बाई, अगदी बरोबर. माझ्या मुलीच्या आडनावात एक अक्षर जास्त, त्यापायी अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा देशभराचा क्रमांक, अडकून आहे.

सदरचा_बाबू
धागा कशाचा, चाललंय काय!

झेडपीच्या_बाई
तुमचा चौकोन रिकामा करता येतो हो. माझ्या मैत्रिणीची बदली रद्द होत नाही.

वर्धा_रोड_पालक
आमच्या शाळेचं ॲप पुण्याच्या तारखेने सुरू झालं. विदर्भात उन्हापायी शाळा उघडते जूनच्या शेवटी. आठवडाभर रोज सकाळी मेसेज: "आपला पाल्य आज गैरहजर आहे." पाल्य कूलरसमोर लोळत होता. तान्ह्या पोळ्याच्या सुट्टीलाही तेच. ज्याला तान्हा पोळा कळत नाही तो अनध्याय काय ओळखणार!

अतिरिक्त_गुरुजी
आणि टीईटीचं, शिक्षक पात्रता परीक्षेचं, काय? वीस वर्षं शिकवून आता परीक्षा द्या म्हणतात.

सदरचा_बाबू
गुरुजी, टीईटी इथे नको, हात जोडतो. पण आठवण बरी करून दिलीत. टीईटीच्याच निकालात, सप्टेंबर २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी प्रमतीवर शंका घेतली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवला. तेव्हा मुदर्रिससाहेब, प्रमतीची छत्री फार दिवस धरून बसू नका. अन् कलम २८ ला प्रमतीची गरजही नाही.

कामठीचा_मुदर्रिस
निकाल बदलेल तेव्हा बघू. तोवर १००० तासांचा मुद्दा मागे घ्या.

सदरचा_बाबू
घ्या, घेतला. पेढे वाटा. संमतीचं मात्र सोडणार नाही. तुमच्याकडे येणारा प्रत्येक बाप कुराणासाठीच पोरगा आणतो. आमच्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलं ख्रिस्ती नाहीत. त्यांचे पालक इंग्रजीसाठी येतात. दोघांना एकच फॉर्म कसा चालेल?

कामठीचा_मुदर्रिस
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर इतकं वाजलं नसतं. आमच्यात सबक एका पानावर आणि बोर्डाचे विषय दुसऱ्या पानावर छापतो. तुमच्या पॅकेजमध्ये तशी सोय असेल, बघितली का?

सदरचा_बाबू
बघितली. टिकमार्क काढायला आणि दोन पानं करायला 'कस्टमायझेशन', त्याचे वेगळे पैसे. संस्थेचे सचिव म्हणतात, आहे ते चालू द्या.

रामबागकर
म्हणजे समतोल फुकट, संमती विकत. वा!

झेडपीच्या_बाई
भांडण झालं असेल तर 'मो.'चं 'मोहम्मद' कुठे करून मिळेल ते सांगा कोणी. मुलाचे वडील रोजंदारीवर आहेत, तीनदा हेलपाटे घालू शकत नाहीत.

महालचा_वेदाध्यायी
पोस्टात विचारा, बाई. जन्मदाखला मूळ न्या, झेरॉक्सवर परत पाठवतात.