आतड्यातले जीवाणू आणि शरीर : 'संवाद', 'संकेत' की 'चाहूल'?

प्रश्न : आतड्यातल्या जीवाणूंवरच्या एका लेखाचं मराठी करतोय. 'केमिकल कम्युनिकेशन'ला 'रासायनिक संवाद' लिहिलं, पण संवाद म्हटला की दोघं समोरासमोर बसून बोलतायत असं वाटतं. 'संदेशवहन' बरं का?

उत्तर : संदेश म्हटला की पाठवणारा आला आणि त्याचा हेतूही आला. ब्यूटिरेट या रसायनाचं बघा. ज्वारी, डाळी, भाज्या यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यातले जीवाणू आंबवतात. त्यातून सुटणारं ब्यूटिरेट म्हणजे त्यांच्या लेखी टाकाऊ माल. आपल्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मात्र बहुतांश ऊर्जा त्यावरच मिळवतात, शिवाय त्याचा माग घेऊन दाह आटोक्यात ठेवतात. इथे कुणी कुणाला काही कळवलेलंच नाही. मी 'चाहूल' लिहीन. चालणाऱ्याच्या मनात नसतं, तरी ऐकणाऱ्याला लागते ती चाहूल.

दुसरं उत्तर : चाहूल आवडला, पण सगळीकडे चालवू नका. जीवाणू काही रेणू मुद्दाम आपसांत सोडतात. रेणूंचं प्रमाण ठरावीक पातळीवर गेलं की 'आपण पुरेसे जमलो' असं धरून सगळे एकदम वागणूक बदलतात. याला 1994 मध्ये 'कोरम सेन्सिंग' नाव पडलं. सोसायटीच्या सभेत आपण गणपूर्ती म्हणतो, तीच ही. इथे 'संकेत' चपखल बसतो, कारण संकेत दोन्ही बाजूंना आधी ठाऊक असावा लागतो. (संकेतस्थळ म्हणजे वेबसाइट ही तर कालपरवाची गोष्ट, त्याआधी तिथे प्रेमिक भेटत.)

आता गंमत अशी की ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूची ओ-157 ही रोगकारक जात आपलं अ‍ॅड्रेनॅलिन, म्हणजे ताणाच्या वेळी सुटणारं संप्रेरकही ओळखते आणि त्यावरून हल्ल्याची जनुकं चालू करते. अ‍ॅड्रेनॅलिन शरीरानं स्वतःच्या कामासाठी सोडलेलं. याला संवाद म्हणाल? शत्रूला लागलेला 'सुगावा' म्हणा.

प्रश्नकर्ता : म्हणजे प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द? संपादक ओरडतील.

पहिलं उत्तर : ओरडू देत. शीर्षकात 'देवाणघेवाण' ठेवा, आत नेमके शब्द वापरा. त्यापेक्षा क्रियापदं तपासा. 'जीवाणू सेरोटोनिन (पेशींना इशारे देणारं एक रसायन) बनवतात' असं लिहिलं असेल तर बदला. शरीरातलं सुमारे 90 टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं, पण ते मुख्यतः आतड्याच्या अस्तरातल्या आपल्याच पेशी बनवतात. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेच्या 2015 च्या प्रयोगात जीवाणूरहित वाढवलेल्या उंदरांत ते साधारण 60 टक्के कमी भरलं. तेव्हा 'बनवतात' नव्हे, 'बनवायला लावतात'. मराठीला प्रयोजक क्रियापदं आहेत, ती वापरा की!

आणि हे सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. त्यामुळे तिथे 'आनंदाचं संप्रेरक' लिहिलं असेल तर तेवढं खोडा.