रेंडरिंगला टिकतो, फोल्डर उघडताना रीस्टार्ट होतो: पीसी तापतोय की ओव्हरक्लॉक नडतंय?

मंडळी, मदत हवी आहे. अकोल्याला राहतो. मे महिना चालू असल्याने पीसीला काहीही झालं की प्रत्येकाचं निदान ठरलेलं, "तापला असेल." दुकानदाराने तर लिक्विड कूलरचा भावसुद्धा सांगून टाकला. मला काही ते पटेना.

मशीन: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, सोबत आलेलाच कूलर, बी४५० बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, एक्सएमपी (रॅमला तिच्या जाहीर वेगावर चालवणारी सेटिंग) लावून ३६०० वर. भाचा सुट्टीत आला होता, त्याने बायोसमध्ये पीबीओ (प्रोसेसरला ठरलेल्या मर्यादेपलीकडे धावू देणारी सोय, म्हणजे ओव्हरक्लॉकच) चालू करून कर्व्ह ऑप्टिमायझरला (कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारी सेटिंग) सगळ्या कोअरना उणे ३० दिलं. सिनेबेंच या वेग मोजणाऱ्या चाचणीचा स्कोअर वाढला, तापमानही जरा उतरलं, सगळे खूश.

आता गंमत बघा. व्हिडिओ रेंडरला लावून जेवायला जातो. सगळे कोअर शंभर टक्के, एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ८४-८५ अंश, आणि मशीन ढिम्म हलत नाही. काम संपवून एखाद्या फाइलचं नाव बदलायला गेलो, की स्क्रीन काळी आणि थेट बोर्डाचा लोगो. निळी स्क्रीनही नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) दर वेळी कर्नल-पॉवर ४१ आणि बहुतेकदा डब्ल्यूएचईए-लॉगर १८, म्हणजे हार्डवेअरच्या चुकीची नोंद. त्यात कॅश हायरार्की एरर, एपीआयसी आयडी (चूक कुठल्या थ्रेडवर झाली त्याचा क्रमांक) ४. आकडा कायम ४ च.

धूळ काढली, थर्मल पेस्ट बदलली. तापमान उतरलं, रीस्टार्ट जैसे थे. रॅम, पॉवर सप्लाय की प्रोसेसर? सगळंच बदलत बसायची ऐपत नाही.

प्रतिसाद

कूलर घेऊ नका. ४१ कडे दुर्लक्ष करा. मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं एवढंच ते सांगतं, लाइट गेली तरी तीच नोंद पडते. कामाची नोंद १८ ची.

या प्रोसेसरची मर्यादा ९० अंश आहे. तिथे पोचला की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो. तरीही ताप चढत गेला तर मशीन बंद पडतं, आणि तेही लोड असताना. तुमचं बरोबर उलटं आहे. पॉवर सप्लाय कमी पडत असता तरी तो रेंडर किंवा गेमच्या वेळीच दगा देण्याची शक्यता जास्त.

माझा संशय त्या उणे ३० वर. कर्व्ह ऑप्टिमायझरचा एक आकडा म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. म्हणजे प्रत्येक कोअरचं ९० ते १५० मिलिव्होल्ट कापलंय. सगळे कोअर राबत असतात तेव्हा वेग थोडा खाली असतो, त्यामुळे निभतं. हलक्या कामात मात्र एकच कोअर ४.४ गिगाहर्ट्झ आणि पीबीओत जी वाढ दिली असेल तिथवर उडी मारतो, आणि नेमकं तेव्हाच व्होल्टेज अपुरं पडतं. सिनेबेंचच्या मल्टिकोअर चाचणीत हे दिसत नाही.

एका कोअरचे दोन थ्रेड, म्हणून आयडी ४ आणि ५ म्हणजे शून्यापासून मोजत कोअर २. तोच कच्चा दिसतोय. सध्या कर्व्ह शून्य करा, बाकी कशाला हात लावू नका. एक्सएमपीसुद्धा राहू दे, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. तरीही रीस्टार्ट झालाच तर मग रॅम ३२०० वर आणा. या प्रोसेसरची अधिकृत मर्यादा तेवढीच आहे. सगळं डीफॉल्टवर ठेवूनही १८ येत राहिला तर वॉरंटी बघा.

धागाकर्ता

कर्व्ह शून्य केला. परवापासून एकही रीस्टार्ट नाही. भाचा फोनवर म्हणतो, "मामा, उणे ३० सगळ्यांना चालतं!" आता बाकीच्यांना उणे १५ आणि कोअर २ ला शून्य ठेवलं तर चालेल का?

प्रतिसाद

चालेल, पण रात्रभर कोअरसायकलर हा चाचणीचा प्रोग्रॅम लावून बघा. तो एकेका कोअरवर लोड टाकतो. जो अडखळेल त्याचा उणे आकडा पाचाने शून्याकडे आणा (उणे १५ चं उणे १०), आणि पुन्हा लावा.