सल्ला हवा: नवीन पीसीवर फुटेजमध्ये हिरवे चौकोन, जुन्या लॅपटॉपवर तेच फुटेज साफ (बजेट ५ हजार)

कराडचा_कॅमेरा
नमस्कार मंडळी. लग्नाच्या ऑर्डरी घेतो, शूट आणि मिक्सिंग (एडिटिंग) दोन्ही स्वतःच करतो. दिवाळीनंतर नवीन पीसी असेंबल करून घेतला. रायझन ७ ७७००, आरटीएक्स ४०६०, डीडीआर५ ६००० ची ६४ जीबी रॅम (१६ च्या चार पट्ट्या), १ टीबी एनव्हीएमई. सॉफ्टवेअर प्रीमियर प्रो. कॅमेरा सोनी ए७ फोर, एक्सएव्हीसी एचएस (सोनीचं एच२६५, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), ४के ५०पी (सेकंदाला ५० फ्रेम), ४:२:२ १०-बिट (४:२:० पेक्षा रंगाची माहिती जास्त).

त्रास दोन आहेत. टाइमलाइन अडकत अडकत चालते, आणि मध्येच चित्रात हिरवे-गुलाबी चौकोन येतात. अर्धा सेकंद दिसतात आणि जातात. एक्सपोर्ट केलं तर त्यातही उमटतात. हळदीच्या क्लिपमध्ये नवरदेवाचा अर्धा गाल हिरवा झालाय. मोबाइलच्या क्लिपला मात्र काही होत नाही. जुन्या लॅपटॉपवर (११व्या पिढीचा आय७, १६ जीबी) हेच फुटेज साफ दिसतं आणि चालतंही बरं.

असेंबल करून देणारा म्हणतो कॅमेऱ्यात दोष आहे. पार्टी रोज फोन करतेय. पीसीत सगळे पैसे गेलेत, आता ५ हजारांच्या वर एक रुपया घालणं शक्य नाही. काय करू?

एडियसवाले_आबा
मिनी डीव्हीच्या टेपा होत्या तेव्हापासून मिक्सिंग करतोय. एडियस (एडिटिंगचं सॉफ्टवेअर) सोडून दुसरीकडे गेलो नाही आणि इंटेल सोडून दुसरा प्रोसेसर घेतला नाही. आमच्या लॅबमध्ये तीन मशीन आहेत, सीझनला रात्रंदिवस चालतात, एक चौकोन दाखवा. कॅनोपसच्या एचक्यूएक्समध्ये (एडियसचा एडिटिंगला हलका फॉरमॅट) कन्व्हर्ट करायचं आणि कामाला लागायचं. हल्लीची पोरं नवीन सॉफ्टवेअर बघितलं की धावतात.

मॅकमिनी_पुणे
दादा, वाईट वाटून घेऊ नका, पण हा पीसी विका. एम४ मॅक मिनी आला तेव्हा ५९,९०० पासून सुरू होता. ४:२:२ १०-बिट त्याच्या चिपमध्येच डीकोड होतं (दाबलेला व्हिडिओ उलगडतो), पंख्याचा आवाजसुद्धा येत नाही. मी घेतल्यापासून ग्लिच हा शब्द विसरलोय.

नागपूरचा_बंटी
@मॅकमिनी_पुणे भाऊ, त्याचं बजेट पाच हजार आहे बे. साठ हजाराचं काय सांगून राहिले?

कराडवाले भाऊ, ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर कोणता आहे? गेम रेडी असेल तर काढा आणि स्टुडिओ ड्रायव्हर टाका. आधी डीडीयू (ड्रायव्हर पुसायचं सॉफ्टवेअर) वापरून जुना पूर्ण पुसायचा. माझ्याकडे असेच चौकोन यायचे, ड्रायव्हर बदलला आणि गेले. शंभर टक्के हेच आहे.

ठाणे_कॅन्डिड
आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. शटर १/६० ठेवलात तर हॉलमधल्या एलईडीच्या पट्ट्या चित्रातून वर-खाली सरकतात. शटर १/५० किंवा १/१०० करा, सगळं थांबेल.

कराडचा_कॅमेरा
@ठाणे_कॅन्डिड शटर १/१०० च आहे. सरकत्या पट्ट्या नाहीत, चौकोन आहेत.

श्रुती_पोस्ट
अंधेरीत पोस्टमध्ये काम करते. काही विकत घ्यायच्या आधी फुकटात करता येईल ते करा.

चौकोन आलेला एक शॉट घ्या आणि टाइमकोड लिहून ठेवा. प्रीमियर बंद करून परत उघडा आणि तोच शॉट लावा. चौकोन बरोबर त्याच फ्रेमवर, त्याच जागी आले तर फाइल खराब आहे, म्हणजे कार्ड किंवा कॉपी करताना गडबड झालीय. दर वेळी वेगळ्या ठिकाणी आले तर फाइल चांगली आहे आणि ती वाचणारं मशीन चुकतंय. जुन्या लॅपटॉपवर साफ दिसतंय म्हणता, पण तिथे कार्डावरून कॉपी केलं होतं की पीसीवरून? पीसीवरची फाइल लॅपटॉपवर नेऊन बघा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

कॉपी करताना नुसत्या क्लिपा ओढून घेऊ नका. कार्डावर प्रायव्हेटच्या आत एम४रूट फोल्डर असतो, तो अख्खा घ्या. टेराकॉपीत (कॉपी करायचं सॉफ्टवेअर) व्हेरिफायचा पर्याय आहे, तो चालू ठेवा.

दुसरं, क्लिप चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या पानावर व्हिडिओ डीकोडचा आलेख बघा. तो शून्याला आणि सीपीयू शंभराला असेल तर तुमचं ग्राफिक कार्ड या फुटेजला हातच लावत नाहीये.

शेतावरून_शूट
अर्थिंग तपासलं का? आमच्याकडे अर्थिंग नव्हतं तेव्हा हार्ड डिस्क दोनदा गेली. तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ घालून खड्डा करा. आणि यूपीएस घ्या. लाइटीचा काही भरवसा नाही, आली तर आली.

सोलापुरी_ड्रोन
के-लाइट कोडेक पॅक टाका. विंडोजला एच२६५ येत नाही, त्यामुळे असं होतं.

श्रुती_पोस्ट
@सोलापुरी_ड्रोन प्रीमियर स्वतःचे डीकोडर वापरतं. कोडेक पॅकने प्लेअरमध्ये फरक पडेल, टाइमलाइनवर नाही.

एडियसवाले_आबा
म्हणून म्हणतो, एचक्यूएक्स.

लॅमिंग्टन_रोड
चार पट्ट्या डीडीआर५, तीही ६००० ला, आणि एएम५ (रायझनचा) बोर्ड! कोणीच तिकडे बघितलं नाही?

या रायझनला चार पट्ट्या लावल्या की एएमडीने अधिकृत दिलेला वेग ३६०० आहे. दोन लावल्या तर ५२००. ६००० हा एक्सपो प्रोफाइलचा वेग, म्हणजे ओव्हरक्लॉक. दोन पट्ट्यांवर तो सहसा चालून जातो, चारवर नशीब. विंडोज सुरू होतं, गेम चालतो, म्हणून असेंबल करणारा हात झटकतो. मेमरीतला एखादा बिट उलटा झाला तर वर्डच्या फाइलमध्ये तुम्हाला कळणारही नाही, व्हिडिओत लगेच दिसतो. एच२६५ मध्ये एका फ्रेमचा आधार घेऊन पुढच्या फ्रेम बनतात, त्यामुळे एक चूक पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत टिकते. तुमचा अर्धा सेकंद तिथून येतो.

बायोसमध्ये जाऊन एक्सपो बंद करा. शून्य रुपये. मेमटेस्ट८६ (रॅम तपासायचं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर लावा. ६४ जीबीला वेळ लागतो, घाई करू नका. लाल ओळ एक जरी आली तरी रॅमचं काम आहे.

नागपूरचा_बंटी
आधी ड्रायव्हर तं बदलून पाहू द्या त्याले.

निवृत्त_पण_नेटवर
आमच्या चिरंजीवांनीही अशीच चार पट्ट्यांची रॅम घेतली होती. ६४ जीबी लागते कशाला, हे त्याला विचारलं तर उत्तर नाही. आमच्या वेळी एका खोलीएवढ्या मशीनवर बँकेचा हिशेब चालायचा.

कराडचा_कॅमेरा
सगळ्यांचे आभार. ड्रायव्हर स्टुडिओचा टाकला, फरक नाही. श्रुतीताईंनी सांगितलेलं केलं. पीसीवरचीच फाइल लॅपटॉपवर नेली, साफ आहे. पीसीवर चौकोन दर वेळी जागा बदलतात. व्हिडिओ डीकोड शून्यावर आणि सीपीयू ठणाणा करतोय. प्रीमियरमध्ये हार्डवेअर डीकोडिंगची खूण चालू आहे, काढून बघितली तरी तसंच.

मग एक्सपो बंद केला. चौकोन गेले! हळदीची क्लिप पूर्ण एक्सपोर्ट केली, नवरदेव पिवळाच आहे. @लॅमिंग्टन_रोड तुम्हाला जेवण लागू.

पण टाइमलाइन अजून अडकते. ४०६० असून जुन्या लॅपटॉपपेक्षा हळू कसं काय?

श्रुती_पोस्ट
कारण लॅपटॉपमधल्या इंटेल चिपला ते येतं आणि ४०६० ला येत नाही. ११व्या पिढीच्या आय७ मधलं क्विक सिंक (आतल्या ग्राफिकमधला व्हिडिओचा भाग) एच२६५ ४:२:२ १०-बिट हार्डवेअरमध्ये डीकोड करतं. एनव्हीडियात ४:२:२ डीकोड ५० मालिकेपासून आलं, २०२५ मध्ये. ४० मालिकेत ४:२:० चालतं, ४:२:२ नाही. रायझनमध्ये क्विक सिंक नसतं. म्हणजे तुमचं २०० एमबीपीएसचं, सेकंदाला ५० फ्रेमचं सगळं ओझं सीपीयू आणि रॅमवर पडतंय. मोबाइलच्या क्लिपा ४:२:० असतात, त्या कार्डावर जातात, म्हणून त्या बिनबोभाट चालतात. चौकोनही नेमके कॅमेऱ्याच्या फुटेजमध्येच का यायचे, ते यावरून कळेल.

शंका असेल तर मीडियाइन्फोत फाइल उघडा, क्रोमा सबसॅम्पलिंगसमोर लिहिलेलं असतं.

आता उपाय. प्रॉक्सी करा, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या कॉप्या. १०८० च्या प्रोरेस (ॲपलचा एडिटिंगचा फॉरमॅट) प्रॉक्सी ५०पी ला तासाला ३४ जीबीच्या आसपास लागतात. रात्री मीडिया एन्कोडरला लावून झोपा. एक्सपोर्ट मूळ फुटेजवरूनच होतो, क्वालिटी जात नाही.

मॅकमिनी_पुणे
मी हेच म्हणत होतो, पहिल्याच उत्तरात.

प्रोरेस_प्रेमी
प्रॉक्सी कशाला, सगळं फुटेज शटर एन्कोडरने प्रोरेस ४२२ एचक्यू करून टाका. फुकट आहे. लोण्यासारखं चालतं.

लॅमिंग्टन_रोड
@प्रोरेस_प्रेमी ४के ५०पी ला एचक्यू तासाला साडेसहाशे जीबीच्या वर जातं. त्यांच्या १ टीबीत हळद मावेल, लग्न मावायचं नाही.

प्रोरेस_प्रेमी
मग ८ टीबीची डिस्क घ्यायची. मी दोन घेतल्यात, एक बॅकअपला.

ठाणे_कॅन्डिड
मूळ प्रश्न असा की लग्नाला ४:२:२ हवंच कशाला? पार्टी व्हॉट्सॲपवर बघते, नाहीतर पेनड्राइव्ह टीव्हीला लावते. त्याच एक्सएव्हीसी एचएसमध्ये ४:२:० १०-बिट निवडा, १५० एमबीपीएस. ४०६० ते आरामात डीकोड करेल. लॉगमध्ये (रंग नंतर सुधारायला फिकं) शूट केलं तरी १०-बिट शाबूत आहे. मेनूमध्ये एक ओळ बदलायची, खर्च शून्य.

सोलापुरी_ड्रोन
४:२:० मध्ये लाल शालूच्या कडा फाटतात. मी तरी पैठणीच्या काठाला ४:२:० वापरणार नाही.

ठाणे_कॅन्डिड
तुमचा ड्रोन दोनशे फुटांवरून पैठणीचा काठ दाखवतो का?

सोलापुरी_ड्रोन
मी ड्रोनशिवायही शूट करतो.

निवृत्त_पण_नेटवर
पैठणीवरून आठवलं, येवल्याला थेट विणकराकडून घ्या. दुकानात निम्मे पैसे हवेलाच जातात.

ग्राफिक_गणू
आर्क ए३८० घ्या आणि ४०६० शेजारच्या स्लॉटमध्ये लावा. इंटेलचं कार्ड आहे, ४:२:२ एच२६५ डीकोड करतं, प्रीमियर ते उचलतं. माझ्याकडे असंच आहे. बोर्डावर दुसरा लांब स्लॉट आहे का आणि एसएमपीएस (पॉवर सप्लाय) किती वॅटचा आहे तेवढं बघा. १० हजारांच्या पुढे जाईल, पण एकदाच. नाहीतर ४०६० विकून ५०६०.

नागपूरचा_बंटी
पाच हजार. पाच. कोणी वाचते का वरचं?

ग्राफिक_गणू
पाच हजारात नुसती ग्राफिक कार्डाची रिकामी खोकी मिळतील.

एडियसवाले_आबा
सुरुवातीलाच इंटेल घेतला असता तर हे पुराण झालंच नसतं.

लॅमिंग्टन_रोड
@एडियसवाले_आबा इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरचं २०२४ मध्ये काय झालं ते विसरू नका. अस्थिरता कंपनीने स्वतः मान्य केली, मायक्रोकोड काढला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. वापरत असाल तर बायोस अपडेट आहे का बघून घ्या. आणि नवीन इंटेल घेणाऱ्यांनी नावात शेवटी एफ असलेला टाळा. त्यात आतलं ग्राफिक बंद असतं, म्हणजे क्विक सिंक गेलं. दुकानदार दीड-दोन हजार वाचवून देतो आणि माणूस खूश होतो.

एडियसवाले_आबा
आमचे १२व्या पिढीचे आहेत.

शेतावरून_शूट
अर्थिंगचं कोणी बोललं नाही.

श्रुती_पोस्ट
कराडकर, एक राहिलं. एक्सपो बंद केल्यावर मीडिया कॅशे (प्रीमियरच्या तात्पुरत्या फाइली) रिकामा करा. चौकोन असलेले जुने प्रीव्ह्यू त्यात पडलेले असतील, ते परत दिसले की उगाच घाबराल. आणि त्या काळात कॉपी केलेल्या इतर फाइली कार्डाशी ताडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका. रॅम चुकत असताना झालेल्या कॉपीवर मी विश्वास ठेवणार नाही.

कराडचा_कॅमेरा
ताई, कॅशे काढला. फाइली ताडल्या, एका संगीतच्या क्लिपमध्ये फरक निघाला, ती कार्डावरून परत घेतली. नशिबाने कार्ड पुसलं नव्हतं.

पार्टीचं काम आज दिलं. आता काय ठरवलं ते सांगतो. प्रॉक्सी करणार नाही, एवढी रात्र मशीन चालू ठेवायला आमच्या मातोश्री देत नाहीत. ४:२:० लाही जाणार नाही, त्या मेनूत परत हात घालायची इच्छा नाही. दुसरं कार्ड तर नाहीच.

चारपैकी दोन पट्ट्या काढल्या. राहिलेल्या दोन ६००० ला लावून मेमटेस्ट रात्रभर चालवला (मातोश्री गावाला गेल्या होत्या), लाल ओळ एकही नाही. मिक्सिंग जुन्या लॅपटॉपवरच करणार, त्याला पाच हजारांत मिळेल ती बाहेरची एसएसडी जोडतो. नवीन पीसीवर फोटो, अल्बम आणि मोबाइलचे रील्स. काढलेल्या दोन पट्ट्या विकतोय, सध्या रॅमचे भाव चढलेत म्हणून घेतल्यापेक्षा जास्त येतील असं दिसतंय.

मॅकमिनी_पुणे
म्हणजे लाखभराच्या पीसीवर रील्स?

कराडचा_कॅमेरा
हो. आणि अल्बम.

ठाणे_कॅन्डिड
मेनूतली एक ओळ होती हो फक्त.

ग्राफिक_गणू
असं करू नका. पट्ट्यांचे पैसे आणि एसएसडीचे पाच हजार मिळून आर्क येतंय!

एडियसवाले_आबा
शेवटी इंटेलवरच आला.

चाकणचा_गेमर
पट्ट्या गेल्या का? नसतील तर कंपनी आणि किंमत मेसेज करा. दोन आधीच आहेत, ह्या टाकून चार करायच्या आहेत.