रिः फूड ड्राइव्ह, डबे द्यायचे की डॉलर?

नमस्कार मंडळी,
फूड बँकेसाठी, म्हणजे गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या संस्थेसाठी, बीन्सचे डबे जमवू हो, त्याला ना नाही. पण जगात 800 कोटींच्या वर माणसं झाली, धान्य पुरणार कुठून? लोकसंख्या आवरत नाही तोवर भूक हटायची नाही. आम्ही सिन्नरचे, दुष्काळ काय ते आम्हाला नका सांगू.
– काका

काका, रागावू नका पण हे काही पटत नाही. मी सध्या नाशकातच आहे, आईकडे, पहाटेचे चार वाजलेत आणि जेटलॅगने झोप उडालीये म्हणून लांबलचक लिहितेय. 1950-51 ला आपल्याकडे धान्य पिकायचं साधारण 5 कोटी टन, 2023-24 ला 33 कोटी टन. म्हणजे माणसं चौपट झाली आणि धान्य साडेसहापट, तरी 2019-21 च्या सरकारी सर्व्हेत पाच वर्षांच्या आतल्या दर तीन मुलांत एक खुरटलेलं. मग कमी काय पडलं?

परवा दिंडोरीला मामाच्या द्राक्षबागेत गेले होते. छाटणी झालीये, फुटी काढायला पेठ-सुरगाण्याकडच्या बाया आल्यात, पोरंबाळं घेऊन, बांधालाच पाल ठोकून राहतात. दुपारी फडकं सोडलं तर नागलीची भाकरी अन् ठेचा, बस. डाळ नाही का आणली म्हटलं, तर एक जण हसली, "डाळीचा भाव बघितला का ताई?" त्याच बागेची द्राक्षं फेब्रुवारीत युरोपला जाणार. मामाने लगेच विषय बदलला, असो.

बंगालातही हेच झालं, 1943 च्या दुष्काळात अंदाजे 30 लाख माणसं गेली. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी आकडे मांडून दाखवलं की त्या वर्षी धान्य 1941 पेक्षा कमी नव्हतंच, पण युद्धामुळे तांदूळ भडकला आणि शेतमजूर, कोळी यांच्या हातात तेवढा पैसाच नव्हता. आणि तुम्ही सिन्नरचे ना, मग 72 चा दुष्काळ आठवा की! पीक तर पार गेलं होतं, पण गावोगाव सरकारी कामं निघाली, 73 च्या उन्हाळ्यात जवळपास 50 लाख माणसं कामावर होती. आजी पाझर तलावावर खडी फोडायची, पोरांना सुकडी मिळायची. हाल खूप झाले, पण बंगालसारखी माणसं मेली नाहीत कारण आठवड्याला हातात पगार पडत होता.

अगं पण रेशनवर तो लाल मिलो, ती लाल ज्वारी, अमेरिकेतून आला म्हणून निभावलं ना? नुसता पगार काय चावून खाणार? आमची म्हातारी त्या भाकरीला अजून शिव्या देते.
– काका

हे मात्र खरं काका, बाहेरून धान्य आलं नसतं तर भाव आणखी चढले असते. पण पगार नसता तर तो मिलोही दुकानातच राहिला असता की. आजी म्हणते भाकरी थापताना कडेने फुटायची, तुमच्याकडे पण?

बरं, मुद्द्याचं. बीन्सचे डबे जमवून पाठवण्यात बरेच पैसे उगाच जातात, त्यापेक्षा फूड बँकेला रोख देऊ, ते घाऊक भावात घेतात. खजिनदार, मी शनिवारी फोन करते, तुमची सकाळ असेल तेव्हा. आणि काका, तुमच्या आईंना चिवडा घेऊन येतेय.