पावसाळ्यानंतर एलपींवर पांढरी बुरशी, घरी कशी धुवायची?

परळकर_एलपी
मामाने दादरचं घर रिकामं करताना रेकॉर्डचा अख्खा खोका माझ्याकडे दिला. बहुतेक एलपी आहेत, थोड्या ४५ च्या छोट्या, आणि तळाशी काही जड जड ७८ पण (म्हणजे मिनिटाला ४५ आणि ७८ फेऱ्यांच्या). पावसाळाभर कपाटात बंद होत्या, आता काढल्या तर पांढरे ठिपके आणि कुबट वास. कार्बन फायबरचा ब्रश मागवला, वरची धूळ निघते पण ठिपके जागचे हलत नाहीत, आणि लावलं की चरचर चालूच. कोण सांगतं भांड्याचं लिक्विड, कोण सांगतं आयसोप्रोपिल अल्कोहोल, यूट्यूबवर एकजण तर फेविकॉल ओतून वाळल्यावर साल काढत होता 😅 रेकॉर्ड धुण्याच्या मशीनचं बजेट नाही. काय करू?

मटणस्ट्रीट७८
आधी ७८ वाल्या वेगळ्या काढ भावा, बाकी सगळं नंतर. जुन्या ७८ लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, सुतार फ्रेंच पॉलिशसाठी लाख स्पिरिटमध्येच भिजवतो ना, तेच तुझ्या रेकॉर्डचं होईल. त्यांना फक्त डिस्टिल्ड वॉटर आणि अगदी थेंबभर सौम्य साबण, पटकन पुसायचं, भिजत ठेवायचं नाही. आणि सांभाळून उचल, पडली की तुकडेच.

गिरगाव_स्टिरिओ
कार्बन फायबर ब्रश रोजच्या धुळीसाठी असतो, लावण्याआधी दोन फेऱ्या मारायच्या, धूळ आणि स्टॅटिक (धूळ ओढणारी स्थिर वीज) जातं, बस. चिकटलेली बुरशी ओलीच काढावी लागते. मी एलपीसाठी घरीच मिक्स करतो, चार भाग डिस्टिल्ड वॉटर, एक भाग आयसोप्रोपिल (९९ टक्केवालं घे, सुगंधी सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन वगैरे असतं) आणि वर भांड्याच्या लिक्विडचा एखादा थेंब, जास्त नाही, नाहीतर तोच साबण खाचांत वाळून बसतो. प्रिन्सेस स्ट्रीटला केमिकलवाल्यांकडे आयसोप्रोपिल मिळतं, पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीवाल्याकडे.

रेकॉर्ड स्वच्छ टॉवेलवर ठेव, मऊ केसांच्या ब्रशने खाचांच्या दिशेने गोल गोल फिरव, आडवं घासायचं नाही. मधलं लेबल कोरडं राहिलं पाहिजे, जुन्या लेबलचा रंग सुटतो. मग सगळ्यात महत्त्वाचं, नुसत्या डिस्टिल्डने परत धुवायचं. लोक इथेच आळस करतात, नळाच्या पाण्याने उरकतात, ते वाळलं की त्यातले क्षार खाचांत राहतात आणि मग म्हणतात धुऊन पण आवाज येतो. वाळवायला ताटाळ्यात उभी ठेव, फक्त कडा टेकल्या पाहिजेत. उन्हात अजिबात नाही, पापडासारखी वाकडी होईल. आणि हे सगळं गॅसपासून लांब, आयसोप्रोपिल पेट घेतं.

पार्ल्याची_सुई
मी अल्कोहोल वापरतच नाही, एलपीला पण नाही. पातळ केलेलं चालतं असं बरेच जण म्हणतात, ठीक आहे, पण साबण-पाण्याने निघतंय तर कशाला? दोनदा धू, हट्टी ठिपका असेल तरच गिरगावकरांचं मिक्स. फेविकॉलचं म्हणशील तर प्रकार चालतो, पण साल मध्येच तुटली की तुकडे खाचांत अडकतात. मामाच्या रेकॉर्डवर तरी नको.

बुरशी घासताना मास्क लाव आणि आधी गॅलरीत जा, हॉलमध्ये झटकलीस तर चांगल्या रेकॉर्डवर बसेल.

परळकर_एलपी
थँक्स सगळ्यांना, ७८ लगेच वेगळ्या केल्या. कव्हरं तीच वापरू ना? आणि धुतल्यावर सगळी चरचर जाईल का?

मटणस्ट्रीट७८
बाहेरची ठेव, कोरड्या कपड्याने पुसून. आतली कागदी पाकिटं फेक, बुरशी तिथेच असते, धुतलेली रेकॉर्ड त्यात परत घातलीस की पुढच्या जुलैत पुन्हा हाच धागा. पॉलिथिनचं अस्तर असलेली नवीन पाकिटं घे, आणि कपाटात उभी ठेव, भिंतीला चिकटवून नको, आपल्याकडे भिंती घाम फुटल्यासारख्या ओल्या असतात.

गिरगाव_स्टिरिओ
सगळी नाही जाणार. टिक-टिक फट-फट बहुतेक घाणीचं असतं, ते कमी होईल. पण गाण्याचा आवाज वरच्या पट्टीत फाटत असेल तर जुन्या जड सुईने खाच झिजलीय, तिथे कुठलंही पाणी काम करत नाही. एक सांगायचं राहिलं, वाजवून झाल्यावर सुई पण साफ कर, छोट्या ब्रशने मागून पुढे, उलटं केलंस तर सुईची बारीक दांडी वाकते.